लालसर रक्तजलातील प्रथिनांच्या आकड्यावर विसंबू नये : इंदूर परिसरातील पशुपालकांसाठी पावसाळी सल्ला

पावसाळ्यात जन्मलेल्या वासरांना चीक पुरेसा मिळाला की नाही, हे पाहण्यासाठी पहिल्या आठवड्यात त्यांच्या रक्तजलातील (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवातील, म्हणजे सीरममधील) एकूण प्रथिने तपासतात. हे प्रमाण डेसिलिटरला ५.२ ग्रॅमपेक्षा कमी आले, तर चिकातून मिळणारी प्रतिकारशक्ती अपुरी पडली असे सामान्यतः धरले जाते.

मात्र त्यासाठी रक्तजल फिकट पिवळे आणि स्वच्छ असावे लागते. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील हिमोग्लोबिन रक्तजलात उतरते आणि ते स्वतःच प्रथिन असल्यामुळे रिफ्रॅक्टोमीटरवरील (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून प्रथिने मोजणाऱ्या उपकरणावरील) आकडा वर सरकतो. परिणामी चिकाविना राहिलेले वासरू कागदावर सुरक्षित ठरते आणि हगवण लागेपर्यंत कोणी त्याच्याकडे पाहत नाही. अशा नमुन्यातून अंदाजाने काही वजा करून आकडा दुरुस्त करणे मला मुळीच भरवशाचे वाटत नाही. नमुना पुन्हा घ्यावा.

पेशी बहुधा रक्त काढतानाच फुटतात. सुई फार बारीक असते, दट्ट्या जोराने ओढला जातो, किंवा सुई न काढताच रक्त नळीत दाबून सोडले जाते. नळीत पाण्याचे थेंब राहिले असतील तरी पेशी फुटतात. मोठ्या जनावराच्या मानेच्या शिरेसाठी १८ गेज जाडीची सुई घ्यावी, लावलेले स्पिरिट वाळू द्यावे आणि रक्त लाल टोपणाच्या कोरड्या नळीत कडेने हळूच सोडावे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठत नाही आणि तिच्यातील रक्तद्रवात (प्लाझ्मात) फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारे प्रथिन शिल्लक राहते, त्यामुळे त्याचा आकडा रक्तजलाशी ताडू नये. नळी सावलीत अर्धा ते एक तास उभी ठेवावी आणि गोठल्यावर रक्तजल वेगळे करून घ्यावे. सांवेर-देपालपूरकडून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत न्यायचे झाल्यास हेच रक्तजल थंड पेटीत न्यावे, कारण दुचाकीवर हिंदकळलेले किंवा बर्फाला टेकून गोठलेले अख्खे रक्त तपासणीच्या कामाचे राहत नाही.

काळजीपूर्वक घेतलेला दुसरा नमुनाही लाल आला, तर दोष हाताचा नसून जनावराच्या आजाराचा असू शकतो. या दिवसांत गोचिडांमुळे बबेसिओसिस हा तांबड्या पेशींतील परजीवीचा आजार होतो आणि पेशी शरीरातच फुटतात. ताप आणि कॉफीच्या रंगाची लघवी दिसली, तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे आणि लघवीचा रंग नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहून द्यावा.