नऊ मिलिमीटरच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा मापात आणताना

पिंपरीच्या टूलरूममध्ये उमेदवारी केली तेव्हापासून पितळ माझ्या हातातलं. आता ओहायोत गॅरेजमधल्या बाकावर रीलोडिंग प्रेस, म्हणजे उडालेल्या पुंगळ्या पुन्हा भरण्याचं हाताचं यंत्र, बसवलाय. रेंजवर भेटणारी आपली मराठी मुलं रिसायझिंगबद्दल, म्हणजे फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणण्याबद्दल, विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधीच बजावतो: ही अमेरिकेतली गोष्ट आहे, आणि इथेही राज्यागणिक कायदा बघून घ्यायचा. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे.

गोळी सुटते तेव्हा दाबाने पुंगळी फुगते, चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की थोडी आक्रसते, पण मूळ मापावर येत नाही. तिला डायमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, दाबून इतकी लहान करायची की ०.३५५ इंची बुलेट तोंडात घट्ट धरली जाईल. ही पकड सैल राहिली तर मॅगझिनमधून चेंबरमध्ये चढताना बुलेट आत ढकलली जाते, आतली जागा घटते आणि दाब भलताच चढतो. पिस्तूल फुटू शकतं. म्हणून या पायरीवर मी घाई करू देत नाही.

डायपर्यंत जाण्याआधी निवड. लोखंडी पुंगळ्या चुंबकाने बाजूला काढा, ॲल्युमिनियमच्या टाकून द्या. .३८० च्या, म्हणजे दुसऱ्या, आखूड काडतुसाच्या, पुंगळ्या हटकून मिसळलेल्या असतात. त्या साधारण १७ मिलिमीटर, आपल्या १९. आत टॉर्च मारून बघा: मधोमध एकच भोक हवं. मध्य सोडून दोन भोकं दिसली तर ती बर्डन जातीची, प्रायमर (बुडातली, ठिणगी देणारी टोपी) काढणारी पिन तिथे मोडते. मूठभर पुंगळ्या हातात खुळखुळवल्या की तडकलेली एखादी वेगळीच वाजते. ती शोधून काढाच.

मग धुणं. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे कोरड्या टंबलरच्या (पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्राच्या) धुळीपेक्षा मला पाण्यात धुणं पटतं. चिकटलेली वाळूही निघायला हवी, नाहीतर डायला ओरखडे पडतात.

डाय कार्बाइडची घ्या. साध्या स्टीलच्या डायला वंगण लागतंच, नाहीतर पुंगळी आत अडकून बसते. कार्बाइडला ते सक्तीचं नाही, पण नऊ मिलिमीटरच्या पुंगळीला किंचित टेपर (तोंडाकडे निमुळतेपणा) असतो आणि प्रेसचा दांडा जड जातो. मी लॅनोलिन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून हलकं फवारतो आणि अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबतो.

डाय बसवताना रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा खांब) पूर्ण वर घ्या, डाय शेलहोल्डरला (रॅमवरच्या, पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला) टेकेपर्यंत फिरवा आणि मग कागद सरकेल इतकी मागे घ्या. कार्बाइड कडक पण ठिसूळ असतं, शेलहोल्डर रोज आपटत राहिला तर डायमधली कार्बाइडची कडी तडकते. लॉकरिंग आवळा.

आता दांडा एकसारखा, न थांबता खाली ओढा. पहिल्या काही पुंगळ्यांत हाताला नेहमीचा जोर कळतो. एखादी अचानक जड गेली तर तिथेच थांबा, बाहेर काढा, बघा. एखादी फारच सहज गेली तर तीही बघा: बहुधा .३८० असते किंवा तडकलेली. प्रायमर याच फेरीत निघतो. न उडालेला प्रायमर दिसला तर ती पुंगळी बाजूला ठेवा. डोळ्यांवर चष्मा हवाच.

तपासणीला दोन गोष्टी. पिस्तुलातून काढलेल्या नळीत पुंगळी टाका: स्वतःच्या वजनाने बसली पाहिजे आणि नळी उलटी केली की पडली पाहिजे. दुसरं, तोंड रुंदावण्याआधी बुलेट अंगठ्याने दाबून बघा, आत जाता कामा नये. गेली तर पुंगळी भंगारात.

बुडाजवळचा फुगवटा मात्र नेहमीच्या डायने जात नाही, शेवटच्या पट्ट्यापर्यंत ती पोचतच नाही. .४० एस ॲण्ड डब्ल्यू किंवा .४५ ची पुंगळी आरपार ढकलणारी डाय मिळते, पण नऊ मिलिमीटरच्या टेपरमुळे तो उपाय इथे चालत नाही. अशा पुंगळ्या मी ठेवत नाही.

हे सगळं संपेपर्यंत पावडरचा डबा बाकावर आणू नका. लॅनोलिन पुसून काढा, बाक ओल्या फडक्याने पुसा, हात साबणाने धुवा आणि मगच चहाला हात लावा.