जुन्या पिकपला एसी: काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

जुन्या पिकपची केबिन म्हणजे पत्र्याची पेटी. डोक्यावर पातळ छत, पायाखाली सायलेन्सरचा पाइप, समोरच्या पत्र्यापलीकडे तापलेलं इंजिन. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकी पिकपमध्ये तर पेट्रोलची टाकीही सीटच्या पाठीमागे असे. उन्हात अर्धा तास चालवली की शर्ट पिळून काढावा लागतो. पण एसी बसवायचा म्हटलं तर इतकी सोयीची गाडी शोधून सापडणार नाही. केबिन छोटी, दारं दोनच, आणि बॉनेटखाली दोन्ही हात कोपरापर्यंत आत जातील एवढी मोकळी जागा.

खर्च आटोक्यात ठेवायचा तर एक नियम आधीच ठरवून टाका. जे नंतर पाना लावून बदलता येतं, तिथे पैसे वाचवायचे. जे बदलायचं म्हणजे भरलेला गॅस काढावा लागेल, तिथे वाचवायचे नाहीत.

आधी उष्णता अडवा

हे काम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून जो तो ते टाळतो. अंधार पडल्यावर बॉनेट उघडा, इंजिनजवळ जोरदार दिवा लावा आणि केबिनमध्ये बसून डॅशबोर्डखाली बघा. जिथे जिथे प्रकाशाचा ठिपका दिसेल, तिथून इंजिनची गरम हवा आत येते. जुन्या वायरींची भोकं, क्लच-ब्रेकच्या पेडलभोवतीची फट, काढून टाकलेल्या केबलची रिकामी जागा, सगळं रबरी बुशने किंवा सीलंटने बुजवा. दारांची रबरं कडक झाली असतील तर नवी घाला.

मग छत, मागचा पत्रा आणि फरशी. इथे एक गल्लत सर्रास होते. चांदीसारखा कागद लावलेली जड डांबरी किंवा ब्यूटाइल चादर ही मुळात पत्र्याचा थरथराट कमी करण्यासाठी असते. एकटी ती उष्णता फारशी अडवत नाही. उष्णतेसाठी तिच्यावर बंद छिद्रांच्या फोमचा थर हवा. पैसे एकाच थरापुरते असतील तर फोम घ्या, आणि पहिला छताला लावा.

आता हीटर. माझ्या गाडीत सगळं बसवून झालं, गॅस भरला, तरी वाऱ्यात दम नव्हता. दोन दिवस मी गॅस कमी आहे असंच धरून बसलो होतो. शेवटी डॅशबोर्डखाली पाइप चाचपताना हात भाजला! इंजिनचं उकळतं पाणी हीटरच्या कॉइलमधून बारा महिने फिरत होतं. एका बाजूने एसी आणि दुसऱ्या बाजूने शेगडी. हीटरच्या आत जाणाऱ्या पाइपवर पाणी बंद करणारा साधा व्हॉल्व्ह बसवला आणि फरक पाच मिनिटांत कळला. तुम्ही तो सुरुवातीलाच बसवा.

वीज पुरेल का?

गाडी अजून ६ व्होल्टची असेल तर आधी १२ व्होल्ट करून घ्यावी लागेल. बाजारातले कॉम्प्रेसरचे क्लच (पट्ट्याच्या पुलीला कॉम्प्रेसर जोडणारा-सोडणारा भाग) आणि ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) १२ व्होल्टचेच असतात. डायनॅमो असेल तर तो काढून अल्टरनेटर लावा. कॉम्प्रेसरचा मॅग्नेटिक क्लच साधारण ४ अँपिअर घेतो, ब्लोअर पूर्ण वेगात १० ते १५, आणि कंडेन्सरसाठी इलेक्ट्रिक पंखा लावलात तर त्याचे आणखी १५-२० धरा. सिग्नलला इंजिन हळू फिरतं तेव्हा डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, आणि एसीची गरज नेमकी तेव्हाच असते.

सामान

कॉम्प्रेसर गॅस दाबतो. रेडिएटरपुढचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याला द्रव करतो. ड्रायर ओलावा शोषतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह दाब एकदम उतरवतो आणि डॅशबोर्डखालच्या कूलिंग कॉइलमध्ये थंडावा तयार होतो. एवढाच संसार.

कूलिंग कॉइल आणि ब्लोअर एकत्र असलेलं, डॅशबोर्डखाली टांगायचं युनिट सगळ्यात परवडतं. डॅशबोर्ड फोडावा लागत नाही आणि उद्या मन बदललं तर चार बोल्ट काढून गाडी पुन्हा मूळ रूपात येते. पायाजवळची जागा थोडी जाते, एवढंच.

कॉम्प्रेसर ५०८ नमुन्याचा घ्या. सॅन्डेन कंपनीच्या पाच सिलिंडरच्या या मॉडेलवरून इतक्यांनी कॉम्प्रेसर बनवले आहेत की ब्रॅकेट, क्लच, पुली, सगळं सहज मिळतं. मोडीत निघालेल्या गाडीचा कॉम्प्रेसर स्वस्तात मिळतो खरा, पण तो आतून झिजलेला असेल तर धातूचा चुरा अख्ख्या यंत्रणेत पसरतो आणि मग कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळंच नवं घ्यावं लागतं. भंगारातून ब्रॅकेट, पुली, पंखा, रिले (छोट्या स्विचवरून मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) हवे तेवढे आणा. कॉम्प्रेसर, ड्रायर, पाइप आणि ओ-रिंग (सांध्यातली गोल रबरी कडी) मात्र नव्याच.

कंडेन्सर पॅरलल-फ्लो प्रकारचा (गॅस एकाच वेळी अनेक चपट्या नळ्यांतून जातो तो), रेडिएटरसमोर मावेल तेवढा मोठा घ्या.

गॅसबद्दल थोडं. जुन्या काळच्या एसीत आर-१२ असे. ओझोनच्या थरासाठी १९८७ साली झालेल्या माँट्रियल करारानंतर १९९६पासून विकसित देशांत त्याचं उत्पादन थांबलं आणि त्याची जागा आर-१३४एने घेतली. नव्या जोडणीसाठी तोच धरून चला. आर-१२च्या जमान्यातलं खनिज तेल आर-१३४एमध्ये मिसळत नाही, म्हणून कॉम्प्रेसरमध्ये पीएजी किंवा एस्टर हे कृत्रिम तेलच हवं. आणि ‘स्वस्त पर्याय’ म्हणून प्रोपेन-ब्यूटेनची मिश्रणं विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कूलिंग कॉइल फुटली तर तो ज्वालाग्राही वायू थेट केबिनमध्ये येतो.

बसवणी

पहिला कॉम्प्रेसर. ब्रॅकेट जाड पत्र्याचं आणि इंजिनच्या निदान दोन-तीन बोल्टांना धरलेलं असावं. हातानं हलवून हललं तर चालत्या गाडीत पट्टा उडणारच. इंजिनच्या पुलीवर आणि कॉम्प्रेसरच्या पुलीवर सरळ पट्टी टेकवून बघा. पट्टी चारही ठिकाणी टेकली पाहिजे. एक-दोन मिलिमीटरचा फरक वॉशर घालून काढता येतो. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण १२ मिलिमीटर दबावा.

कंडेन्सर रेडिएटरपासून बोटभर अंतरावर बसवा आणि कडेच्या फटी फोमच्या पट्टीने बंद करा, नाहीतर हवा कंडेन्सरमधून जायच्या ऐवजी बाजूने निसटते. पंख्याभोवती आवरण नसेल तर ते करून घ्या. पत्र्याचं घरी ठोकून केलेलंही चालेल. ते नसेल तर उभ्या गाडीत इंजिन तापतं आणि दोष एसीच्या माथी येतो.

डॅशबोर्डखालचं युनिट टांगताना पाणी निघायच्या नळीकडे ते किंचित उतरतं ठेवा. नळी फरशीतून बाहेर काढा, मध्ये कुठेही वर चढू देऊ नका.

पाइपांच्या कामात घाई नको. जाडीचे तीन नंबर असतात: कॉम्प्रेसरकडून कंडेन्सरकडे ८, तिथून ड्रायरमार्गे कूलिंग कॉइलकडे ६, आणि परत कॉम्प्रेसरकडे येणारा जाड १०. फिटिंग पाइपात नुसती घालून, न दाबता, सगळं गाडीवर जुळवून बघा. बॉनेट लावा, स्टिअरिंग पूर्ण फिरवा, पाइप सायलेन्सरपासून लांब आहे ना ते पाहा. मग पांढऱ्या रंगाच्या पेनाने फिटिंगपासून कॉलरवरून पाइपपर्यंत एक सरळ रेघ ओढा. क्रिंप करणाऱ्याने, म्हणजे यंत्राने कॉलर दाबून फिटिंग पक्की करणाऱ्याने, ती रेघ जुळवून दाबलं की फिटिंगचं तोंड तुम्हाला हवं त्याच बाजूला येतं. ही रेघ विसरलात तर पाइप पिळवटून बसवावा लागतो आणि तो पुढे गळतोच.

प्रत्येक ओ-रिंगला कॉम्प्रेसरचंच तेल लावा. नट आवळताना दोन पाने वापरा, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. अ‍ॅल्युमिनियमचे आटे फार लवकर जातात. ड्रायरची झाकणं अगदी शेवटी, जोडायच्या क्षणी काढा. उघडा ठेवलेला ड्रायर हवेतला ओलावा शोषून तिथेच निकामी होतो. बाणाची दिशा कूलिंग कॉइलकडे असावी.

वायरिंग सोपं आहे. ब्लोअरला रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज. क्लचच्या वायरवर, एकामागोमाग, थर्मोस्टॅट आणि दाबाचा स्विच. दाबाचा स्विच वगळून थेट जोडायचा मोह होतो. करू नका. गॅस गळून गेला तर हाच स्विच कॉम्प्रेसर बंद ठेवतो. गॅसबरोबरच तेल फिरत असतं, त्यामुळे गॅसविना फिरणारा कॉम्प्रेसर कोरडाच जळतो.

व्हॅक्यूम आणि गॅस

इथवरचं काम घरी करा आणि हा शेवटचा टप्पा मशीन असलेल्या वर्कशॉपला द्या, असं माझं मत आहे. बऱ्याच देशांत गॅस हाताळायला परवाना लागतो आणि तो हवेत सोडायला बंदी आहे. शिवाय आर-१३४एचा द्रव वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो; कातडीवर उडाला तर हिमदंश, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट. वर्कशॉपमध्येही काय व्हायला हवं ते माहीत असू द्या.

आधी कोरड्या नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या पाण्याने सांधे तपासायचे. मग पंपाने आतली हवा ओढून निदान ४५ मिनिटं व्हॅक्यूम. समुद्रसपाटीला गेजवर पाऱ्याचे २९ इंच दिसले की आतलं पाणी साधारण २५ अंशांना उकळून निघून जातं. थंड दिवशी त्याहून खोल व्हॅक्यूम लागतं. पंप बंद करून अर्धा तास काटा बघायचा. तो सरकला तर गळती आहे, आणि गळती सापडेपर्यंत गॅस भरायचा नाही. गळती बुजवणारं रसायन ओतू देऊ नका, ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बुजवतं.

गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरायचा. डॅशबोर्डखालच्या युनिटला बहुधा ७०० ते ८०० ग्रॅम लागतो, पण युनिटबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा प्रमाण. इंजिन बंद असताना गेजवर दाब बघून ‘गॅस भरपूर आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आत थोडासा द्रव शिल्लक असला तरी तो दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना सुमारे ९७ पीएसआय (दाबाचं एकक, पौंड प्रति चौरस इंच), मग आत २०० ग्रॅम असो की ८००. इंजिन चालू असताना गॅस फक्त गेजच्या निळ्या, कमी दाबाच्या बाजूने, गॅसचा डबा उभा धरून द्यायचा. जास्त दाबाचा लाल व्हॉल्व्ह तेव्हा उघडला तर कॉम्प्रेसरचा दाब उलटा डब्यात जातो आणि डबा फुटू शकतो.

इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवून कमी दाब २५ ते ४५ पीएसआय आणि जास्त दाब १५० ते २५० पीएसआयच्या आसपास असेल तर जोडणी ठीक आहे. उभ्या गाडीत जास्त दाब चढत गेला तर पंख्याची हवा कमी पडते आहे. कंडेन्सरवर पाण्याचा फवारा मारून बघा. दाब लगेच उतरला तर शंका मिटली. कार्ब्युरेटरचं इंजिन कॉम्प्रेसरचा क्लच लागताच दबकत असेल तर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) थोडा वाढवा, किंवा क्लचबरोबर आयडल वाढवणारा सोलेनॉइड (विजेवर सरकणारा दांडा) लावा.

पहिल्या फेरीनंतर गाडीखाली थेंब थेंब पाणी दिसेल. बोटावर घ्या. स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर ते कूलिंग कॉइलवरचं दव आहे, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर रेडिएटरचं कूलंट. आणि दमट दिवशीही खाली काहीच पडलं नाही, तर सीटखालची फरशी हाताने चाचपून बघा.