पुण्याच्या आजूबाजूला कामधंदा शोधताय? आधी हे बघून घ्या

गावाकडं सांगताना सगळे सांगतात की पोरगा पुण्यात कामाला आहे, पण ते काम बहुतेक वेळा पुण्यात नसतंच. ते असतं चाकणला म्हणजे खेड तालुक्यात, नाहीतर रांजणगावला म्हणजे शिरूर तालुक्यात, तळेगाव मावळात, कुरकुंभ दौंडमध्ये, आणि बारामती तर पार शंभर किलोमीटरवर. त्यामुळं कंपनीत काम पाहिजे असेल तर पेठेत कॉट बेसिसवर राहून बायोडाटा वाटत फिरू नका, अर्धे पैसे बसभाड्यात जातील. (ऑफिसातलं काम हवं असेल तर गोष्ट वेगळी.)

आधी पट्टा ठरवा. चाकण-तळेगाव म्हणजे गाड्या, तिथं बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगन आहेत आणि त्यांना पार्ट पुरवणारे ढीगभर छोटे व्हेंडर आहेत, फिटर, वेल्डर, सीएनसी ऑपरेटर यांना तिकडंच जास्त मागणी. रांजणगावला एलजी, व्हर्लपूल, हायर, म्हणजे फ्रीज, एसी, वॉशिंग मशीन, आणि या मालाला उन्हाळ्यात उठाव असतो म्हणून टेम्पररी भरतीची चौकशी करायची तर उन्हाळा लागायच्या आधीच करायची, मे महिन्यात जाऊन काय उपयोग नाही. कुरकुंभला केमिकल, बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांनी तिकडं बघा. बारामतीला पियाजिओ, डेअरी आणि टेक्स्टाईल पार्क, शिवणकाम येणाऱ्या बायकांसाठी ते बरं. साखर कारखान्यांचा सिझन साधारण दिवाळीच्या आसपास चालू होतो आणि उन्हाळा लागला की संपतो, तेव्हा ते काम बाराही महिन्यांचं समजून हातातलं सोडू नका.

आता शोधायचं कसं. मोठ्या कंपनीच्या गेटवर वॉचमन आत सोडत नाही, तिथं ताटकळू नका. त्यापेक्षा आतल्या रस्त्यांना जे छोटे व्हेंडर असतात त्यांच्या गेटवर 'पाहिजेत' म्हणून पाटी लावलेली असते, कधी नुसता हाताने लिहिलेला कागद. सकाळी शिफ्ट लागून गेल्यावर जा, सुपरवायझरला भेटायचंय म्हणून सांगा, आयटीआयचं सर्टिफिकेट, आधार आणि बँक पासबुकची झेरॉक्स सोबत ठेवा. महास्वयमवर (राज्य सरकारचं नोकरीचं पोर्टल) नाव टाकून ठेवा, फुकट आहे, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. आणि रजिस्ट्रेशन फी, गेटपासचे पैसे, युनिफॉर्मचं डिपॉझिट असं काहीही आधी मागितलं तर सरळ निघायचं, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो.

काम मिळालं की पहिला प्रश्न हा विचारा: पगार कोण देणार, कंपनी का कॉन्ट्रॅक्टर? नव्वद टक्के पोरं हे विचारतच नाहीत असं माझं मत आहे. आयकार्डवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात कॉन्ट्रॅक्टरचं, तुमचा मालक तो बारीक अक्षरातला. सहा-सात महिन्यांनी ब्रेक देतात का म्हणजे काही दिवस कामावरून काढून ठेवतात का, ओव्हरटाईम डबल रेटने देतात का, बस आणि कँटीनचे किती कापतात, हे सगळं जॉईन व्हायच्या आधी विचारा, आणि जॉयनिंग लेटर मागा.

मग पगाराचा हिशोब. समजा अठरा हजार सांगितला आणि त्यात बेसिक १५,००० आहे. बेसिकवर पीएफ १२ टक्के म्हणजे १,८०० गेले, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पूर्ण अठरा हजारावर ०.७५ टक्के म्हणजे १३५, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००, आणि बायकांना २५,००० पर्यंत पगार असेल तर हा लागत नाही). हातात आले १५,८६५. त्यातून खोलीभाडं, मेस, पेट्रोल काढा आणि गावाकडनं येऊन-जाऊन करता आलं तर किती वाचतात तेही मांडा. फक्त तळेगाव-चाकण-शिक्रापूर रोडचं ट्रॅफिक धरून वेळ मोजा, मॅपवर अर्धा तास दाखवतंय म्हणून खूश होऊ नका. पीएफ कापतात म्हणून ओरडू पण नका, कंपनीकडूनही तेवढेच जमा होतात. ईएसआय २१,००० पगारापर्यंत लागू असतो आणि घरच्यांचा दवाखाना त्यात निघतो, त्या कार्डाचा पाठपुरावा करा. कापलेला पीएफ खरंच भरतात का हे सरकारच्या उमंग ॲपवर पीएफच्या पासबुकात दिसतं, दोन महिने झाले तरी एंट्री नाही तर तोंड उघडा. कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) जुनाच द्यायचा, दुसरा काढू दिला की पैसे काढताना डोक्याला ताप होतो.

नुकतंच आयटीआय झालेल्यांनी अप्रेंटिसशिप आधी बघावी. स्टायपेंड कमी असतो, पीएफ-ईएसआयही नसतो, पण शेवटी परीक्षा देऊन जे सर्टिफिकेट मिळतं ते पुढं कामाला येतं. 'ट्रेनी' म्हणून घेतात ते वेगळं बरं का, अप्रेंटिसचं कॉन्ट्रॅक्ट सरकारी पोर्टलवर दिसलं पाहिजे, दिसत नसेल तर तुम्ही नुसते स्वस्तातले कामगार आहात.

ज्यांना नोकरीच करायची नाही त्यांनी शिफ्ट सुटायच्या वेळी गेटसमोर जाऊन उभं राहावं, चार-पाच दिवस तरी. लोक काय घेतात, काय शोधतात, काय मिळत नाही म्हणून पुढं निघून जातात हे तिथं कळतं. वडापावची गाडी सगळेच टाकतात, पण रात्रपाळीवाल्याला सकाळी सातला पोळी-भाजी देणारा किंवा युनिफॉर्म धुऊन देणारा किती ठिकाणी सापडतो बघा. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होतं, एजंटला हजार रुपये देऊ नका. लोन काढायचं तर पीएमईजीपीत (नवीन धंद्याच्या लोनवर सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना) ग्रामीण भागात ओपन कॅटेगरीला २५ टक्के आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के सबसिडी आहे, अर्ज चालू आहेत का ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. पण ती सबसिडी हातात मिळत नाही, बँकेत तीन वर्षं अडकून राहते आणि मग लोनला वळती होते, म्हणून सबसिडीतून माल भरू असा हिशोब मांडू नका, सुरुवातीचे हप्ते धंद्यातूनच निघाले पाहिजेत.

आणि एमआयडीसीजवळ जमीन आहे म्हणून खोल्या बांधून भाड्याने देणार असाल तर आधी बांधकामाची परवानगी आणि पाण्याचं बघा, भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा, आणि प्रत्येक खोलीला सबमीटर लावा, नाहीतर दर महिन्याला लाईटबिलावरनं भांडणं ठरलेली.