चॅरिटी शॉपमधून कपडे घेताना या चुका टाळा

लहानपणी साताऱ्याला आमच्या दारात बोहारीण यायची. आई जुने कपडे तिच्यापुढे टाकायची आणि ती एकेक कपडा उचलून आधी उजेडाकडे धरायची. पँट असली तर बैठकीजवळ, शर्ट असला तर कॉलरच्या दुमडीत, साडी असली तर पायाशी घासणाऱ्या काठावर तिची बोटं फिरायची. मग "ताई, हे विरलंय," म्हणून तो कपडा बाजूला. लेबल कुठल्या मिलचं आहे हे तिने एकदाही वाचलं नाही. एका स्टीलच्या डब्यासाठी आई अर्धा तास हुज्जत घालायची, शेवटी बाबांची आणखी एक टेरिकॉटची पँट त्या ढिगात जायची आणि बाबांना ते महिन्याभराने कळायचं.

इंग्लंडात राहून मला आता बरीच वर्षं झाली. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये सुरुवातीला जेवढे पैसे पाण्यात गेले, ते सगळे त्या बाईची आठवण न ठेवल्यामुळे गेले. दर सप्टेंबरात शिकायला आलेली मराठी मुलं भेटतात. सामानात दोन पातळ स्वेटर असतात आणि ऑक्टोबर उजाडला की विचारणा सुरू होते, कोट कुठून घेऊ? त्यांना मी चॅरिटी शॉपमध्येच पाठवते. पण तिथे जाऊन काय करू नये, हेही सांगते.

ज्यांना ही दुकानं माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: ऑक्सफॅम, ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, बर्नार्डोज, कॅन्सर रिसर्च यूके अशा संस्था लोकांनी दिलेल्या वस्तू विकतात आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. काउंटरवर बहुतेक वेळा स्वयंसेवक असतात. तेव्हा पहिली चूक इथेच टाळा: तुळशीबागेतली घासाघीस इथे काढू नका. समोरच्या आजी शनिवारची सुट्टी खर्चून फुकट राबताहेत, त्यांच्याशी एका पौंडावरून वाद घालणं बरं दिसत नाही. बटण तुटलंय किंवा शिवण उसवलीय असं काही असेल तर ते दाखवून "यात काही कमी होईल का?" एवढं विचारायला हरकत नाही. नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपवा.

"फक्त चार पौंड" हा विचार

स्वस्त दिसलं म्हणून घेतलेल्या कपड्याची खरी किंमत घरी आल्यावर कळते. आतल्या शिवणीवरची छोटी पट्टी आधी वाचा. पाण्याच्या टबावर फुली आणि शेजारी फुली नसलेलं वर्तुळ असेल तर तो कपडा ड्रायक्लीनला द्यावा लागणार. मी एकदा सहा पौंडांचा लोकरी ब्लेझर घेतला आणि धुलाईला त्याच्या दुप्पट मोजले. दुसरं, एकदम स्वस्त ब्रँडचा वापरलेला टीशर्ट आणि तोच नवा टीशर्ट यांच्या किमतीत कधी कधी पौंडाचाही फरक नसतो. अशा ठिकाणी जुना घेण्यात काय हशील? जुन्यात घ्यायचं ते नव्यात न परवडणारं घ्यावं: दाट लोकर, खरं चामडं, लिनन, रेशीम.

किलोवर कपडे विकणारे सेल असतात तिथे हाच हिशेब उलटा चालतो. जाडजूड कोट दोन किलो भरतो आणि महाग पडतो. रेशमी स्कार्फ किंवा ब्लाउज वजनात नसल्यासारखाच. तरी लोक कोटांवर झडप घालतात.

नंबरावर विश्वास

ब्रिटिश १२, अमेरिकी ८ आणि युरोपीय ४० हे साधारण एकच माप, आणि तोच कपडा इटालियन असेल तर त्यावर ४४ लिहिलेलं असतं. इथल्या रॅकवर हे सगळे शेजारी शेजारी लटकतात. त्यातही जुन्या काळचा १४ नंबर आजच्या १० इतका निघू शकतो, कारण गिऱ्हाइकाला खूश ठेवायला कंपन्यांनी हळूहळू मापं सैल करत नेली. मार्क्स अँड स्पेन्सरच्या कपड्यावर 'सेंट मायकल' असं लेबल दिसलं तर समजा की तो साधारण २००० सालाच्या आधीचा, कारण नंतर त्यांनी ते नाव बंद केलं. असा कपडा हाताला चांगला लागला तर जरूर बघा, पण नंबराकडे बघू नका.

पर्समध्ये मापाची टेप ठेवा. तुम्हाला नीट बसणारा घरचा एक शर्ट आणि एक पँट मोजून छाती, खांदा, कंबर, बाही आणि पायाची आतली लांबी फोनमध्ये लिहून ठेवा. कपडे बदलायची खोली बंद असली की याच पाच आकड्यांवर काम भागतं.

उजेडात न धरणं

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच ठीक दिसतं. कपडा उचलून खिडकीपाशी जा. "जरा उजेडात बघू का?" म्हटलं तर कोणी अडवत नाही. आता बोहारीण कुठे बघायची ते आठवा. जीन्समध्ये मांड्या जिथे एकमेकींना घासतात तिथलं कापड आधी विरतं. आत हात घालून बोटं पसरा, बोटं दिसली की ती जीन्स चार महिन्यांची सोबती. शर्टात कॉलरची दुमड आणि कफची कड. कोटात खिशाचं तोंड, कोपरं, आणि आतलं अस्तर काखेत उसवलंय का ते. स्वेटरवर गोळे आलेले असतील तर घाबरू नका, ते यंत्राने किंवा रेझरने निघतात. कोपरावर वीण पातळ झाली असेल तर मात्र ठेवून द्या.

काखेतला पिवळा डाग वेगळा ओळखा. घाम आणि डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम यांचं ते लग्न असतं. क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर तो डाग आणखी गडद होतो. पांढऱ्या सुती कपड्यावर ऑक्सिजनवाली पावडर कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजवा, बरेचदा निघतो. रेशमावर किंवा लोकरीवर असा डाग असेल तर नाद सोडा.

लोकर घेताना दोन गोष्टी. एक, कसर. स्वेटर उजेडात धरल्यावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली, तीही विखुरलेली, तर ती कसरीची. कापड खाते ती अळी. उडणारा पतंग खात नाही, आणि शुद्ध सुताच्या वाटेला ती सहसा जात नाही. तिला लोकर, काश्मिरी, रेशीम लागतं. एक असा स्वेटर कपाटात गेला की शेजारची शाल गेलीच. भोकं नसली तरी जुनी लोकर मी आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवते. नवरा आइस्क्रीम काढायला जातो आणि मटारांशेजारी कार्डिगन बघून काही न बोलता परत येतो.

दुसरं, आटलेली लोकर. आधीच्या मालकाने गरम पाण्यात मशीनला लावली की लोकरीच्या तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर जाड, ताठ, लहान होतो. विणीचे टाके वेगळे दिसत नसतील तर तो आटलेला आहे. तो परत मोकळा होत नाही. ओढूनताणून काही होतं असं सांगणारे व्हिडिओ बघण्यात माझा एक रविवार गेलाय.

चामड्याच्या नावाखाली रेक्झिन

माझी सगळ्यात महागडी चूक. एका दुकानात तीस पौंडांना काळं जॅकेट मिळालं. मऊ, चकचकीत, अंगावर बेतल्यासारखं. तीन आठवड्यांत कॉलरवरून काळे पापुद्रे गळायला लागले. मानेला, उशीला, ऑफिसच्या खुर्चीला, सगळीकडे काळी भुकटी. पॉलिश लावलं, तेल लावलं, काही उपयोग नाही. तो चामड्याचा दोष नव्हता, कारण ते चामडं नव्हतंच. आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो त्यातला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातो. कपाटात नुसतं लटकत असलं तरी तुटतो. म्हणून "एकदाही न घातलेलं" या चिठ्ठीला इथे काही अर्थ नाही.

ओळखायचं कसं? कापलेली किंवा न दुमडलेली कड शोधा, बहुतेक वेळा खिशाच्या आत किंवा अस्तराखाली सापडते. खऱ्या चामड्याची मागची बाजू लवदार, केसाळ असते. मागे विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन. मग कॉलर आणि कफ दुमडून बघा. बारीक भेगांचं जाळं दिसलं की जिथल्या तिथे लटकवा, भेगा पडलेल्या रेक्झिनला इलाज नाही. हँडबॅगमध्ये आतून हात फिरवा. अस्तर चिकट लागलं तर तेही त्याच रोगाने गेलंय, आणि ती चिकटाई तुमच्या पाकिटाला लागणार.

बुटांचंही तेच. डोंगरात चालायचे जुने बूट वरून नव्यासारखे असतात, पण तळव्यातला फेसाचा मधला थर वयाने भुसभुशीत झालेला असतो आणि चढावर अर्ध्या वाटेत सोल सुटून येतो. अंगठ्याच्या नखाने तो थर दाबा. खूण उमटून तशीच राहिली किंवा चुरा पडला तर घेऊ नका.

पावसाळी जॅकेट उलटं करा. आत पांढरे पापुद्रे किंवा शिवणीवरची पट्टी उचकटलेली दिसली तर ते जॅकेट आता पाऊस थांबवणार नाही. बाहेरून पाणी नुसतं मुरत असेल तर स्प्रे मारून सुधारतं. आतला थर गेला की गेला.

वास आणि पाहुणे

वास घ्यायला लाजू नका, सगळेच घेतात. अत्तराचा वास हवेवर जातो. सिगारेटचा दोन-तीन धुलायांत उतरतो, पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातलं की लवकर. डांबरगोळ्यांचा वास सर्वात हट्टी, कारण तो धुण्यापेक्षा वाऱ्यावरच उडतो आणि इथलं ऊन म्हणजे पाहुण्यासारखं, कधी येईल सांगता येत नाही. तान्ह्या बाळासाठी डांबरगोळ्यांचा वास येणारे कपडे घेऊच नका. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते, आणि त्यांच्या रक्ताला नॅप्थॅलीन खरंच घातक ठरू शकतं.

ढेकणांची भीती बरेच जण बोलून दाखवतात. कोटाच्या शिवणी आणि कॉलरखाली काळे ठिपके आहेत का बघा. घरी आणल्यावर पिशवी पलंगावर ओतू नका, थेट मशीनपाशी न्या. कपडा सोसत असेल तर ६० अंशांवर धुवा किंवा ड्रायरमध्ये पूर्ण तापमानावर अर्धा तास फिरवा.

चकाकतं ते

दागिन्यांच्या ट्रेमध्ये 'ईपीएनएस' अशी अक्षरं दिसली की अनेकांना चांदी सापडल्यासारखं वाटतं. तो निकेल मिश्रधातूवरचा चांदीचा मुलामा. ब्रिटिश चांदीवर ९२५ आकडा किंवा चालणाऱ्या सिंहाचा छाप असतो, शेजारी नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमची. सोन्यावर ३७५ दिसलं तर ते ९ कॅरेट. आपल्याला ९१६ बघायची सवय, त्यामुळे हा आकडा बघून हिरमोड होतो. पण इथे ९ कॅरेटचं सोनं सर्रास वापरतात, त्यात फसवणूक काही नाही. फक्त भाव त्या हिशेबाने समजून द्या.

"शिंप्याकडून करून घेऊ"

खांद्यात बसत नसलेला कोट घेऊ नका. खांदा उकलून बसवायचा म्हणजे कोट नव्याने शिवायचा, आणि इथला शिंपी त्याचे जे पैसे सांगेल त्यात दुसरा कोट येईल. कंबर, उंची, बाही ही कामं होतात. मोठं करायचं असेल तर आधी आतून शिवणीतली माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, बघा. जुन्या कपड्यांत माया भरपूर सोडलेली असते, आजच्या स्वस्त कपड्यांत अर्धा इंचसुद्धा मिळत नाही.

पावती जपून ठेवा. काही दुकानं ठरावीक दिवसांत बदलून देतात, काही देत नाहीत, हे घेतानाच विचारा. माझ्या राखाडी कोटाच्या बाह्या मी दीड इंच सोडवून घेतल्या. जुन्या दुमडीची रेघ अजून दिसते, कितीही वाफ दिली तरी जात नाही. हातमोजे घातले की झाकते, आणि इथे सात महिने हातमोजे घालावेच लागतात.