पेट-एमआरआयवर अल्झायमरमधलं चयापचय मोजताना

मेंदू कुठे किती ग्लुकोज वापरतो हे दाखवणारा पेट स्कॅनचा रंगीत नकाशा पडद्यावर आला की सगळ्यांची नजर तिकडेच जाते. माझ्यासोबत शिकणाऱ्यांना मी आधी मेंदूची रचना दाखवणारा एमआरआय उघडायला सांगते. का, ते पुढे येईलच, सुरुवात रुग्णापासून.

पेटसाठी टोचतात ते एफडीजी हे ग्लुकोजचंच किरणोत्सारी रूप. रक्तात साखर जास्त असली तर ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि मेंदूत ते कमी शिरतं. म्हणून किमान 4 तास उपाशी ठेवा आणि इंजेक्शनआधी साखर तपासा. सुई आधीच लावून ठेवा, म्हणजे ऐन वेळी टोचण्याने रुग्ण बिथरत नाही. मग मंद उजेडाची शांत खोली. इंजेक्शननंतरची पहिली 20-30 मिनिटं फार मोलाची, कारण मेंदू तेव्हा जे करत असतो तेच चित्रात उमटतं. गप्पा नकोत, मोबाइल नको. विस्मरणाच्या रुग्णाला एकटं वाटून तो घाबरतो, तेव्हा घरच्या माणसाला जवळ बसू द्या. फक्त त्यांनाही गप्प राहण्याचं कारण नीट समजावून सांगा.

इंजेक्शन ते स्कॅन हे अंतर सर्वांसाठी सारखंच ठेवा. एफडीजीतलं किरणोत्सारी फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. त्याचा हिशेब संगणक करतो, पण मेंदूत एफडीजी साठत जाणं काही थांबत नाही.

आता एमआरआय. कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, जाडी सरासरी अडीच मिलिमीटर, आणि पेटला साधारण 4-5 मिलिमीटरपेक्षा बारीक नीट दिसत नाही. कॉर्टेक्स झिजला की शेजारचा द्रव त्याच ठिपक्यात मिसळतो आणि पेशी होत्या तेवढं ग्लुकोज वापरत असल्या तरी आकडा खाली येतो. म्हणून 1 मिलिमीटरच्या टी-1 चित्रावरून (रचना स्पष्ट दाखवणारं एमआरआय चित्र) ही दुरुस्ती करा आणि दुरुस्तीआधीचे-नंतरचे दोन्ही आकडे नोंदवा. माझ्या मते, नुसता दुरुस्त आकडा देणं वाचणाऱ्यावर अन्याय आहे.

कवटीचं हाड साध्या एमआरआयमध्ये जवळजवळ दिसतच नाही, पण किरण मात्र शोषतं. ते हिशेबात धरणारी पद्धत वापरा, नाहीतर कडेचा कॉर्टेक्स उगाच मंद दिसेल.

तुलनेसाठी पॉन्स (मेंदूच्या देठाचा भाग) किंवा सेरिबेलम (लहान मेंदू) घ्या. मग पोस्टिरिअर सिंग्युलेट, प्रिक्युनिअस आणि टेम्पोरो-परायटल भाग पाहा. अल्झायमरमध्ये वापर घटतो तो मुख्यतः इथेच. मागचा ऑक्सिपिटल भागही मंदावलेला असेल, तर लुई बॉडी डिमेन्शियाचा (विस्मरणाचाच एक वेगळा आजार) विचार करा.