टर्मिनलमध्ये रंग दिला की तक्त्याचे रकाने सरकतात: उपाय

लक्षण: सांगली मार्केट यार्डातले हळदीचे भाव दाखवणारी पायथन स्क्रिप्ट. उतरलेला भाव लाल केला की त्या ओळीतले पुढचे सगळे रकाने डावीकडे सरकतात. डोकं पिकतं अगदी!

फॉन्ट बदलून फरक पडत नाही. टॅब घातला तर लांब नाव येताच रांग मोडते. रुंदी वाढवली की लाल ओळी जुळतात, साध्या बिघडतात.

कारण असं: लाल रंगाचा कोड ५ अक्षरांचा, रंग बंद करणारा ४ अक्षरांचा. ते दिसत नाहीत, पण पायथन मोजतं. '१४५००' ची लांबी ५ ऐवजी १४ भरते, म्हणून १० अक्षरांच्या रकान्यात एकही मोकळी जागा पडत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी आकड्याची स्ट्रिंग करा, मग आरजस्टने (rjust, डावीकडे मोकळ्या जागा भरणारी पायथनची सोय) १० अक्षरांपर्यंत भरा, त्यानंतरच पुढे-मागे रंगाचे कोड जोडा आणि प्रिंट करा. पार्श्वभूमीला रंग असेल तर मात्र मोकळी जागाही रंगते. तिथे भरणाच्या जागा वेगळ्या मोजून कोडच्या बाहेर ठेवा.

आउटपुट फाइलमध्ये वळवताना कोड कचऱ्यासारखे उमटतात. त्यासाठी एसटीडीआउटवर (stdout, स्क्रिप्टचं आउटपुट जिथे जातं ती वाट) इझ-ए-टीटीवाय (isatty, आउटपुट टर्मिनलवरच जातंय का ते सांगणारं) तपासा. उत्तर 'फॉल्स' आलं तर रंग जोडूच नका.