ट्रोलिंगसाठी स्वस्तातलं लाईन काउंटर रीळ घेताना काय बघायचं

ट्रोलिंग म्हणजे बोट हळू चालू ठेवायची आणि मागे दोरीवर ल्यूर, म्हणजे नकली आमिष, ओढत न्यायचा. नाशिककडच्या वैतरणा, मुकणे, दारणा असल्या धरणांच्या मोठ्या फुगवट्यात हा प्रकार फार कामाचा आहे, कारण एवढ्या पाण्यात मासा नेमका कुठं बसलाय ते काठावर उभं राहून कळत नाही. पण एकदा ट्रोलिंगला लागलं की प्रश्न येतोच, मागे दोरी किती सोडलीय ते कळणार कसं? त्यासाठी हे लाईन काउंटरवालं रीळ, वर छोटी काच असते, आत जुन्या स्कूटरच्या किलोमीटरसारखे आकडे फिरतात, बाजूला शून्यावर आणायचं बटण, बस.

आता हे एवढं महत्त्वाचं का ते आधी सांगतो. ल्यूर किती खोल जाणार ते मुख्यतः चार गोष्टींवर ठरतं, ल्यूरच्या तोंडाची पट्टी केवढी, दोरी किती जाड, बोटीचा वेग किती आणि दोरी किती सोडली. पहिल्या दोन तुम्ही घरूनच ठरवून नेता, वेग मोबाईलच्या जीपीएसवर दिसतो, राहिली फक्त दोरी. समजा ८० फुटांवर शिंगाळा लागला, तर पुढच्या फेरीला त्याच वेगात परत ८० फूटच सोडायची, म्हणजे ल्यूर परत त्याच खोलीवरून जातो. अंदाजाने सोडली आणि ती १२० फूट गेली की ल्यूर तळाला घासतो, झुडपात अडकतो आणि चांगला महागाचा ल्यूर जातो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, रीळ स्वस्तातलं घ्या, पण आकडा रोज सारखाच दाखवणारं घ्या. काउंटर ८० म्हणतोय आणि खरी दोरी ७४ आहे, काही बिघडत नाही, उद्या पण ८० ला ७४ च असली म्हणजे झालं. महागाच्या रिळात जास्तीचे पैसे जातात ते धातूची बॉडी, मऊ ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी जोराने धरून सोडणारा ब्रेक) आणि खाऱ्या पाण्यात टिकण्यासाठी, आणि धरणातल्या मासेमारीला त्यातलं निम्मं लागतच नाही.

हा आकडा चुकतो कसा ते नीट समजून घ्या. बहुतेक स्वस्त रिळांमधला काउंटर दोरी मोजत नाही, तो स्पूलचे, म्हणजे दोरी गुंडाळतात त्या फिरकीचे, फेरे मोजतो. स्पूल काठोकाठ भरलेला असताना दोरीच्या थराचा व्यास समजा ५० मिमी असेल तर एका फेऱ्याला साधारण १५.७ सेमी दोरी जाते. तोच स्पूल अर्धवट भरलेला असेल आणि व्यास ३८ मिमी असेल तर एका फेऱ्याला १२ सेमीच्या आसपासच जाते, म्हणजे काउंटर १०० म्हणतो तेव्हा बाहेर जेमतेम ७५ असते. कंपनीने आकडा बसवलेला असतो तो भरलेल्या स्पूलवर आणि ठरावीक जाडीच्या दोरीवर. त्यामुळे ब्रेड (विणलेली दोरी) महाग पडते म्हणून थोडीच भरायची असेल तर खाली जुनी मोनो (एकेरी नायलॉनची दोरी) बॅकिंग, म्हणजे भराव म्हणून भरा आणि वर ब्रेड, पण स्पूल काठापासून दोन-तीन मिमीपर्यंत भरलाच पाहिजे. आणि दोरी तुटून तुटून कमी झाली की परत भरा.

दुकानात किंवा घरी पार्सल आल्यावर काय तपासायचं? दोरी हाताने ओढा आणि काचेकडे बघत रहा, आकडे एकसारखे फिरले पाहिजेत, ९ वरून १० वर जाताना अडकता कामा नये, कारण स्वस्तातल्या काउंटरचे आतले गिअर बहुतेक प्लास्टिकचे असतात आणि दोन आकडे एकदम बदलताना त्यांच्यावर जोर येतो, ९९ चे १०० होतानाचा क्षण तर जरूर बघा. मग शून्याचं बटण दहा-बारा वेळा दाबा, दरवेळी तिन्ही चाकं सरळ रेषेत ००० वर आली पाहिजेत, एखादं अर्धवट राहत असेल तर रीळ परत करा. लेव्हल वाइंड, म्हणजे दोरी डावी-उजवी पसरवणारी ती सरकती खिट्टी, टोकाला जाऊन वळताना खटका मारते का ते हँडल हळू फिरवून बघा. क्लिकर, म्हणजे दोरी सुटली की कटकट वाजणारी कळ, चालू करून ऐका, बोटीच्या मोटरच्या आवाजात तो ऐकू यायला हवा. सेकंड हँड घेत असाल तर काचेच्या आतून बाष्प धरलंय का ते आधी बघा, धरलं असेल तर आत पाणी शिरलंय. बेअरिंग किती आहेत त्याकडे फार लक्ष देऊ नका, ट्रोलिंगला लांब फेकायचंच नसतं.

ड्रॅगचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. डब्यावर मोठे आकडे लिहिलेले असतात पण कामाचं काय तर ड्रॅग सुटताना झटका न देता सुटला पाहिजे, बोट चालू असताना मासा लागतो म्हणजे पहिला हिसका सगळा दोरीवर येतो. दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावा, २० पौंडी दोरीला ५ ते ६ पौंड, आणि साध्या स्प्रिंगच्या काट्याने मोजून लावा, हाताच्या अंदाजाने नको.

मॉडेलचं म्हणाल तर ओकुमाचं मॅग्डा प्रो हे सगळ्यात खालच्या किमतीतलं नेहमीचं नाव, अमेरिकेत ५०-६० डॉलरच्या आसपास मिळत आलंय. त्याच्या वर डायवाचं अॅक्युडेप्थ प्लस आणि पेनचं वॉरफेअर, मग ओकुमाचं कोल्ड वॉटर. शिमानोचं टेकोटा सुरेख आहे, पण २०० डॉलरच्या वर जातं, ते आपल्या आजच्या यादीत नाही. इथं मागवताना शिपिंग आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा, नुसत्या डॉलरच्या आकड्यावर भुलू नका. नाशकात काउंटरवालं रीळ हातात धरून बघायला मिळणं अवघड, म्हणून ऑनलाइन घेताना रिटर्न आहे का ते आधी वाचा. साइजमध्ये १५ किंवा १७ नंबरचं लहान, २० किंवा २७ मधलं, ३० किंवा ४७ मोठं असं साधारण धरा. धरणात खडस (महसीर), शिंगाळा, मरळ यांच्यासाठी लहान किंवा मधलं पुरतं. अजून एक, बहुतेक मॉडेल उजव्या हाताची असतात, स्पिनिंग रीळ डाव्या हाताने फिरवायची सवय असेल तर ऑर्डर करण्याआधी डाव्या हाताचं आहे का ते बघा. आणि स्पिनिंग रॉडवर हे बसवू नका, या रिळाला कड्या वर असलेला रॉड लागतो.

दोन रॉड लावणार असाल तर दोन्ही रिळं एकाच कंपनीची, एकाच साइजची घ्या आणि दोरीही सारखीच भरा. एक भारी आणि एक हलकं घेण्यापेक्षा दोन सारखी हलकी कधीही चांगली, नाहीतर एकाचे ८० आणि दुसऱ्याचे ८० वेगळे निघतात आणि मासा कुठल्या खोलीवर लागला तेच कळत नाही.

बजेट अगदीच नसेल तरी अडत नाही. दर १० मीटरला रंग बदलणारी ब्रेड मिळते, रंग मोजत दोरी सोडायची. लेड कोअर दोरीचा रंग दर १० यार्डला बदलतो, ती तर शिसं असल्यामुळे आपोआप खोल जाते. सुरमईसाठी मुरुड किंवा मालवणला जाणार असाल आणि ल्यूर वरच्या वर ओढायचा असेल तर काउंटर घेऊच नका, खाऱ्या पाण्यात त्याचे आतले भाग लवकर धरतात, रंगीत ब्रेड तिथं भरपूर झाली.

रीळ घरी आलं की पाण्यात नेण्याआधी मोजणी करा. सकाळी लवकर नाशकातल्या गोल्फ क्लब मैदानावर जा, ३० मीटरची टेप टाका, मित्राला दोरीचं टोक धरून चालायला सांगा आणि काउंटरवर ५० आणि १०० आलं की खरं किती झालं ते लिहून ठेवा. ३० मीटर म्हणजे ९८ फुटांच्या थोडं वर, काउंटर मीटरमध्ये आहे की फुटांत ते आधी बघून घ्या, जपानी बाजारातली मॉडेल मीटरमध्ये असतात. निघालेले दोन आकडे रिळाच्या पायावर चिकटपट्टी लावून लिहा.

पाण्यावर दोरी सोडताना स्पूल मोकळा सोडून देऊ नका, अंगठा ठेवा आणि बोट पुढे जाईल तशी हळूहळू जाऊ द्या, एकदम सोडली की गुंता होतो आणि काउंटरला पण झटके बसतात. आपल्याकडे अजून एक गोष्ट असते, आवर्तन सुटलं की धरणाची पातळी उतरते. दिवाळीत जिथं ८० फूट दोरी बरोबर होती तिथं एप्रिलमध्ये ल्यूर दगडात जाईल. दोरीच्या आकड्याबरोबर त्या दिवशीचा धरणाचा साठा पण वहीत लिहा, धरणांच्या साठ्याचे आकडे पेपरात येतात. आणि परवानगीशिवाय उतरू नका, धरणातली मासेमारी सहसा ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असते, त्यांना विचारा, मोटरबोटीचं वेगळं विचारा. गंगापूरचं पाणी शहर पितं, तिथं तर जास्तच काळजी घ्या. नांदूरमध्यमेश्वरला गळ घेऊन जायचंच नाही, ते पक्षी अभयारण्य आहे. खडस लागला तर पाण्यातच गळ काढून सोडा.

घरी आल्यावर रीळ ओल्या फडक्याने पुसा, नळाची जोरात धार काउंटरवर मारू नका, पाणी काचेच्या फटीतून आत जातं. ड्रॅग सैल करून ठेवा म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. लेव्हल वाइंडच्या दांड्यावर तेलाचा एक थेंब पुरतो, काउंटरच्या गिअरवर मात्र ग्रीस थापू नका, धूळ धरून आकडे जड होतात.